कांठची जमीन आणि तिचे विश्वस्त

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंनीं दिलेलें व्याख्यान)



महोत्सव-समितीनें या प्रसंगीं मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हां मी धर्मग्रामाचा इतिहास सांगावा अशी तिची अपेक्षा होती. तो इतिहास या स्मरणिकेंत दुसऱ्या अधिकारी लेखणीनें लिहिला आहे, व माझ्यापेक्षां चांगला लिहिला आहे. यास्तव समितीची परवानगी घेऊन मीं वेगळा विषय निवडला. तो ऐकून कित्येकांस नवल वाटेल. नदीकांठची जमीन, पाणथळी, गायरान आणि ग्रामपंचायत यांचें महोत्सवाच्या दिवशीं काय काम, असें कोणी विचारील.

त्यास माझें उत्तर असें कीं, महोत्सवाची मूळ कल्पनाच जमिनीची आहे. लेवीयाच्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत पन्नासाव्या वर्षाची व्यवस्था सांगितली आहे. त्या वर्षीं विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावयाची; कारण जमीन देवाची, आणि माणूस तिच्यावर केवळ उपरा व पाहुणा. इतका भाग आपण सर्वांनीं ऐकलेला आहे. परंतु त्याच अध्यायांत पुढें एक लहानसें कलम आहे, त्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. लेवी लोकांचीं घरें विकतां येत, व तीं सोडवूनहि घेतां येत. त्यांच्या नगरांभोंवतालचें गायरान मात्र विकतां येत नसे. घर एका कुटुंबाचें असतें, म्हणून त्यानें तें विकलें तर समजतां येतें. गायरान आज जे आहेत त्यांचेंच नसून उद्यां जे येतील त्यांचेंहि असतें, म्हणून तें विकण्यास कोणीच मुखत्यार नाहीं. सेमिनरींत हें कलम वाचलें तेव्हां मला तें अगदीं रुक्ष वाटलें होतें. मणिबेलीस जाऊन आल्यावर तें तसें वाटेनासें झालें.

मणिबेलीकडे वळण्यापूर्वीं थोडें माझ्या जन्मगांवाविषयीं सांगतों, कारण हा विषय मीं प्रथम तेथें पाहिला, पुस्तकांत नव्हे. आपणांपैकीं बहुतेकांस ठाऊक आहे कीं मी वसईच्या किनाऱ्याकडचा. आमच्या गांवाच्या एका अंगास खाडी होती. खाडीचें खारें पाणी भातशेतींत शिरूं नये म्हणून मातीचा लांबच लांब बांध घातलेला असे, आणि पावसाचें गोडें पाणी बाहेर जावें म्हणून त्या बांधास लांकडी झांपांची उघाडी असे. भरतीच्या दाबानें झांप मिटे, ओहोटीस उघडे. बांधाच्या आंत भात, बाहेर तिवरांचें रान आणि गुडघाभर चिखल. खेकड्यानें बांधाला एवढेंसें भोंक पाडलें आणि तें कोणाच्या नजरेस आलें नाहीं, तर एका उधाणांत कित्येक घरांचें वर्षाचें अन्न जळून जाई. म्हणून पावसाळ्याआधीं प्रत्येक घरानें एक माणूस बांधावर पाठवावयाचा, आणि उधाणाच्या रात्रीं पाळीपाळीनें कंदील घेऊन फिरावयाचें. मी लहान असतां एका रात्रीं वडिलांबरोबर गेलों होतों. "बाबा, बांध कोणाचा?" असें मीं विचारलें. ते म्हणाले, "ज्याची पाळी त्याचा."

सार्वजनिक मालमत्तेची यापेक्षां चांगली व्याख्या मला पुढें कोणत्याहि ग्रंथांत आढळली नाहीं. आणि ही पाळी चुकली म्हणजे काय होतें तेंहि वसईनें पाहिलें आहे. २०१८ च्या जुलैंत तेथें मुसळधार पाऊस पडून पाणी दिवसेंदिवस सांचून राहिलें, व मिठागरांत अडकलेल्या माणसांना नांवांनीं बाहेर काढावें लागलें. पाऊस फार पडला हें खरें. परंतु ज्या पाणथळ जागांत पूर्वीं असें पाणी येऊन विसांवत असे, त्यांतील कित्येक भरावाखालीं गेल्या होत्या हेंहि तितकेंच खरें. तो भराव एका रात्रींत पडला नाहीं. ट्रकामागून ट्रक येत होते आणि आपण सर्वजण रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहात होतों.

आतां कायद्याकडे थोडें पाहूं. सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेनें इ. स. ५३३ सालीं जो विधिग्रंथ सिद्ध झाला, त्यांत हवा, वाहतें पाणी, समुद्र आणि समुद्राचा किनारा या वस्तू स्वभावतःच सर्वांच्या मानल्या आहेत. लॅटिन शिकतांना आम्हीं हें पाठ केलें होतें. त्याचा उपयोग काय, हें मात्र फार उशीरां कळलें. अमेरिकेंतील इलिनॉय राज्याच्या विधिमंडळानें १८६९ सालीं शिकागो शहरापुढील सरोवराच्या तळाचा मोठा भाग एका रेल्वे कंपनीस देऊन टाकला. चार वर्षांनीं त्याचा पश्चात्ताप होऊन विधिमंडळानें तें दान परत घेतलें. खटला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, व १८९२ सालीं निकाल लागला कीं, पाण्याखालची असली जमीन सरकारजवळ लोकांची ठेव म्हणून असते. ती अशी देऊन टाकण्याचा अधिकार सरकारास नाहीं. आपल्या देशांतहि १९९६ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें हेंच तत्त्व स्वीकारलें. कुलूच्या खोऱ्यांत बियास नदीच्या कांठची वनजमीन एका हॉटेलास पट्ट्यानें दिली होती, आणि हॉटेल वांचविण्यासाठीं नदीचा प्रवाहच वळविण्याचा उद्योग झाला होता. न्यायालयानें तो पट्टा रद्द केला. २०११ च्या जानेवारींत पंजाबांतील एका गांवतळ्याच्या खटल्यांत त्याच न्यायालयानें सर्व राज्यांस गांवच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणें काढण्याची योजना करावयास सांगितलें. आणि २०१८ च्या सप्टेंबरांत मुंबई उच्च न्यायालयानें खाडीकांठच्या तिवरांना, म्हणजे कांदळवनांना, याच विश्वस्ततेच्या तत्त्वाखालीं आणलें.

तेव्हां ठेव आहे, हें निश्चित. ठेवीचा रखवालदार कोण, हा प्रश्न उरतो. महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल कायद्याप्रमाणें समुद्राचा व खाडीचा भरतीच्या रेषेखालचा तळ, नद्या, नाले, सरोवरें व तळीं हीं, दुसऱ्या कोणाची मालकी सिद्ध नसेल तर, राज्य सरकारचीं. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानें अशा जागा, म्हणजे पडीक जमीन, गायरान, विहिरी, नदीचें पात्र, नाले, तळीं, ग्रामपंचायतीकडे सोंपविण्याची सरकारास मुभा आहे. थोडक्यांत, मालक मुंबईस, कारकून तालुक्यास, आणि ठेव आपल्या दाराशीं. कारकुनाची वही आणि दारची ठेव यांची गांठ कितीदां पडते, याचा अनुभव आपणां प्रत्येकास आहेच.

मणिबेली ही महाराष्ट्राच्या अगदीं टोंकास, नर्मदेच्या दक्षिण कांठीं, अक्कलकुवें तालुक्यांत. १९९८ च्या १ जुलैस नंदुरबार जिल्हा निराळा झाला. त्यापूर्वीं ती धुळें जिल्ह्यांत मोडे. मोलगीपुढचे डोंगर ओलांडून शेवटचा टप्पा आम्हीं नांवेनें केला. पाणी हिरवें, निश्चल, आणि डोंगरांच्या मध्यापर्यंत चढलेलें. त्या पाण्याखालीं जुनें गांव आहे. शूलपाणेश्वराचें जुनें देवालयहि पाण्याखालीं आहे. त्याचें नवें देवालय गुजरातेंत गोरा येथें बांधलें गेलें. आमच्या सोबतच्या तरुणानें वल्हें थांबवून "इथं खालीं" एवढेंच म्हटलें, आणि पुन्हां वल्हवूं लागला.

इतिहास आपणांस ठाऊक आहे, तो झरझर सांगतों. १९६१ च्या ५ एप्रिलला पंडित नेहरूंनीं धरणाची कोनशिला बसविली. पाणीवांटपाचा लवाद १९६९ त नेमला गेला, व त्याचा अंतिम निवाडा १९७९ सालीं झाला. त्या निवाड्यांत जमिनीबद्दल जमीन, आणि पाणी चढण्याआधीं पुनर्वसन, हीं दोन वचनें होतीं. १९८५ सालीं जागतिक बँकेनें कर्ज दिलें. १९९२ च्या जूनमध्यें तिच्याच नेमलेल्या स्वतंत्र मंडळानें प्रकल्पाविरुद्ध कडक अहवाल दिला, व १९९३ च्या मार्चमध्यें उरलेलें कर्ज घेण्याचें भारत सरकारनें सोडून दिलें. त्याच वर्षाच्या पावसाळ्यांत मणिबेलीचीं घरें पाण्यांत गेलीं. महाराष्ट्रांतील बुडीताच्या ३३ गांवांत पाणी पाहणारें हें पहिलें गांव. पुढच्या वर्षीं जगांतील ४४ देशांतल्या ३२६ संस्थांनीं मोठ्या धरणांच्या कर्जाविरुद्ध जो जाहीरनामा काढला, त्यास मणिबेलीचेंच नांव दिलें. म्हणजे वॉशिंग्टनास या गांवाचें नांव ठाऊक झालें, तें गांव नाहींसें होऊं लागल्यावर. २००० च्या ऑक्टोबरांत सर्वोच्च न्यायालयानें, एका न्यायमूर्तींचें मत विरुद्ध असतां, बांधकाम पुढें नेण्यास संमति दिली. २०१७ त दरवाजे मिटले, आणि २०१९ च्या सप्टेंबरांत पाणी प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीस पोंचलें.

धरण असावें कीं नसावें, हा वाद मी येथें काढीत नाहीं. कच्छ-सौराष्ट्रांतील तहानलेल्या गांवांस नर्मदेचें पाणी मिळालें हें मी पाहिलें आहे, आणि तहान ही कांहीं थट्टेची गोष्ट नव्हे. माझें लक्ष दुसऱ्या, फार लहान दिसणाऱ्या गोष्टीकडे आहे. नवीन वस्तींतील एका वृद्ध तडवी गृहस्थांपाशीं आम्ही बसलों होतों. त्यांची बोली मला अर्धीच समजे. उरलेलें त्यांचा नातू समजावून सांगे. मीं विचारलें, "बाबा, भरपाई मिळाली का?" ते बराच वेळ पाण्याकडे पाहात राहिले. मग बोटांवर मोजूं लागले. उन्हाळ्यांत पाणी उतरलें कीं वाळवंटांत काकड्या-टरबुजें लावीत, तें एक. मासे, दोन. पुरांत वाहून आलेलें सरपण, तीन. गुरांची पाण्यावर येण्याची वाट, चार. मुलींना पलीकडच्या गांवांत देत, त्या जाण्यायेण्याची नांव, पांच. मग म्हणाले, "फादर, शेताचा दाखला होता कीं नव्हता, यावर आम्ही किती वर्षें भांडलों. नदीचा दाखला कोणी मागितलाच नाहीं."

बंधुभगिनींनो, माझ्या व्याख्यानांत याहून मोठें दुसरें कांहीं नाहीं, म्हणून येथें मी थोडा थांबतों. लवादानें जमिनीबद्दल जमीन म्हटलें, ती ज्याच्या नांवावर होती त्याला. डोंगरावर जंगल तोडून पिढ्यान्पिढ्या कसलेलीं नेवाडाचीं शेतें सरकारी वहींत अतिक्रमण म्हणून लिहिलेलीं. त्यांच्यासाठीं लोकांना वर्षानुवर्षें झगडावें लागलें, आणि तो झगडा निदान कोणाच्या तरी नांवानें लढतां तरी आला. नदीचा कांठ मात्र कोणाच्याच सातबाऱ्यावर नव्हता. तो सर्वांचा होता. म्हणून भरपाईच्या हिशेबांत तो कोणाचाच ठरला नाहीं. गुजरातेंत परवेटा येथें कांहीं कुटुंबांस जमीन मिळाली, तळोदें तालुक्यांत वनजमिनीवर कांहीं वसलीं. जमीन तेथें आहे, परंतु नदी नाहीं. ठेवीदाराला न विचारतां ठेव मोडली, आणि ठेवीदारांची यादीच केलेली नव्हती.

याला कोणी म्हणेल कीं तेव्हां कायदाच नव्हता. हें अर्धेंच खरें. पंचायतींना घटनेंत स्थान देणारी त्र्याहत्तरावी दुरुस्ती १९९३ च्या २४ एप्रिलला अंमलांत आली, म्हणजे मणिबेलीस पाणी चढण्यापूर्वीं अवघे दोन-तीन महिने. परंतु अनुसूचित क्षेत्रें तींतून वगळलेलीं होतीं, आणि अक्कलकुवें व अक्राणी हीं अनुसूचित क्षेत्रांत. त्या क्षेत्रांसाठीं पंचायतींचा निराळा कायदा, ज्याला आपण पेसा म्हणतों, तो १९९६ च्या डिसेंबरांत झाला. त्यांत म्हटलें आहे कीं, प्रकल्पासाठीं जमीन घेण्यापूर्वीं व माणसें हालविण्यापूर्वीं ग्रामसभेशीं अथवा योग्य त्या पंचायतीशीं विचारविनिमय करावा. आणि लहान जलाशयांचें नियोजन व व्यवस्था पंचायतींकडे असावी. वनहक्कांचा कायदा २००६ चा. त्यांत गांवाच्या सामूहिक हक्कांत मासे व पाण्यांतील इतर उत्पन्न, चराई, यांचीहि गणना आहे. त्या वृद्ध गृहस्थांनीं बोटांवर जें मोजलें, त्यांतील बरेंचसें कायद्यानें तेरा वर्षांनीं मोजलें. आणि ग्रामसभेला विचारलें तर काय घडूं शकतें, हें २०१३ सालीं ओरिसांत नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनीं दाखविलें. बाराहि जणींनीं डोंगर खणूं देण्यास नकार दिला, आणि तो डोंगर अद्याप जागेवर आहे.

मग आतां मणिबेलीचा काय विचार? गांव बुडालें, प्रश्न बुडाला नाहीं. उलट नवा निर्माण झाला. जलाशयाचा विस्तार सुमारें ३७,००० हेक्टर आहे. त्याची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर, आणि पाणी ज्याच्याखालीं नेहमींच्या वापरासाठीं उतरवावयाचें नाहीं ती पातळी ११०.६४ मीटर. म्हणजे या दोहोंमध्यें २८ मीटरांचा एक पट्टा असा आहे कीं जो कधीं पाणी असतो, कधीं जमीन. सपाट प्रदेशांतील धरणांवर अशा उघड्या पडलेल्या जमिनीस गाळपेर म्हणतात. ती वर्षावर्षाच्या कराराने कसावयास देतात, आणि तींत धरणग्रस्तांना अग्रक्रम आहे. सातपुड्याचे उतार तीव्र, म्हणून आपल्याकडे गाळपेर थोडी. तरी नाल्यांच्या तोंडाशीं ती आहेच. त्या नव्या कांठावर गुरें कोठून उतरणार? मासे धरण्याचा हक्क कोणाचा? प्रवाशांच्या नांवा लागणार त्या कोणाच्या परवानगीनें? हा शेवटचा प्रश्न मी हवेंतून काढलेला नाहीं. खालीं केवडियास १८२ मीटर उंचीचा पुतळा २०१८ त उभा राहिला, आणि तेव्हांपासून या पाण्याकडे पाहणारांची दृष्टि पालटली आहे. जें पाणी काल कोणाला नको होतें त्याच्या कांठास आज भाव आहे. भाव आला कीं ठेव धोक्यांत येते. हें मला वसईनें शिकविलें.

येथें आपण म्हणाल कीं, ठीक आहे, सर्व अधिकार ग्रामपंचायतीकडे द्यावेत म्हणजे झालें. मलाहि पूर्वीं असेंच वाटे. परंतु गोव्याचें उदाहरण मला तसें म्हणूं देत नाहीं. तेथें खाडीकांठच्या खाजण जमिनी गांवकरी संस्था शतकानुशतकें राखीत आली; पोर्तुगीजांनींहि १५२६ सालीं गांवकऱ्यांचे पूर्वापार रीतिरिवाज लिहून घेतले व ते मानले. बांध, उघाडी (तिला तेथें मानस म्हणतात), आंत भात आणि मासे, असें सर्व आमच्या वसईसारखेंच, परंतु अधिक नीटनेटकें. मानशीच्या तोंडाशीं मासे धरण्याचा हक्क दरसाल लिलावानें देत, आणि त्या पैशांतून बांध राखीत. १९६४ च्या कुळकायद्यानंतर बांधांचा भार हळूहळू कुळांच्या संघांकडे गेला. शेत कसणारास न्याय मिळाला, हें चांगलेंच झालें. परंतु पुढें भाताचें मोल घटत गेलें व कोळंबीचें वाढत गेलें. लिलाव घेणारास खारें पाणी आंत हवें, शेतकऱ्यास तें बाहेर हवें. कित्येक ठिकाणीं मानस नको तेव्हां उघडी राहूं लागली, बांध फुटले, आणि चांगलीं भातशेतें खाऱ्या पाण्याखालीं जाऊन तेथें तिवरें उगवलीं. हें कोणा परक्यानें केलें नाहीं. जवळच्यांनींच केलें, गांवच्याच माणसांनीं, गांवच्याच लिलावांत. विश्वस्त जवळचा असावा हें खरें. परंतु जवळच्या विश्वस्तासहि हिशेब विचारणारा कोणीतरी पाहिजे, आणि ठेवीवर त्याचें स्वतःचें पोट अवलंबून नसावें. अथवा सर्वांचेंच सारखें अवलंबून असावें.

उलट एक बरें उदाहरण आपल्या नासिकच्या अंगास आहे. निफाड तालुक्यांत गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वर येथें इंग्रजी अमदानींत पाटबंधाऱ्यासाठीं धरण बांधलें. पाण्याबरोबर गाळ आला, गाळांत पाणवनस्पति आल्या, त्यांवर हजारों पक्षी आले. मनुष्यानें शेतीसाठीं केलेली वस्तु देवाच्या पांखरांनीं आपली म्हणून घेतली. १९८६ सालीं तेथें अभयारण्य झालें, आणि २०२० च्या आरंभीं जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या यादींत, जी रामसर यादी म्हणून प्रसिद्ध आहे, तींत त्याची नोंद जाहीर झाली. महाराष्ट्रांतील अशी ही पहिली जागा. अभयारण्याच्या हद्दींत शेतें आणि गांवें आहेत, त्यामुळें कुरबुरीहि झाल्या. तें स्वाभाविक आहे. ज्याच्या उसांत पाणकोंबड्या शिरतात त्यानें रामसरच्या नांवानें आनंदित व्हावें, अशी अपेक्षा करणें अन्यायाचें होईल. तरी जवळच्या गांवांतील कांहीं तरुण आतां दुर्बीण घेऊन पाहुण्यांस पक्षी दाखवितात, व त्यांच्या घरांत त्यामुळें चार पैसे येतात. पाणथळ राखण्यांत ज्याची चूल पेटते तो ती राखतो, हें मीं तेथें पाहिलें. मणिबेलीच्या नव्या पाण्याबाबतहि असें होऊं शकेल, परंतु नांवाड्यांचीं नांवें ठरवितांना पहिली यादी बुडालेल्या घरांची केली पाहिजे. ही यादी एकदां करावयाची राहून गेली आहे. दुसऱ्यांदा राहूं नये.

दुसऱ्यांचे दोष बराच वेळ सांगितले. आतां माझा सांगतों. पूर्वींच्या धर्मग्रामांतील आहे, गांवाचें नांव घेत नाहीं. तेथें आमच्या आवारास लागून एक नाला होता. मुलांच्या वसतिगृहासाठीं भाजीचा मळा करावा असें माझ्या मनानें घेतलें, आणि कुंपण घालतांना मीं तें नाल्याच्या कांठापर्यंत नेलें. कागद पाहिला नाहीं. पाहण्याची गरजच वाटली नाहीं, कारण हेतु चांगला होता; मुलांना भाजी मिळणार होती. ग्रामपंचायतीनें हरकत घेतली नाहीं. फादरांना कोण हरकत घेणार? पुढच्या उन्हाळ्यांत एक बाई दोन म्हशी घेऊन कुंपणाच्या टोंकाशीं उभी असलेली मीं रोज पाहूं लागलों. तिनें कधीं तक्रार केली नाहीं. एके दिवशीं मींच विचारलें तेव्हां कळलें कीं, पाण्यावर उतरण्याची गुरांची वाट तीच होती, आणि आतां तिला वळसा घालून पलीकडच्या वाडीच्या कडेनें जावें लागे. तेथें ती वाडीवाल्यांचें बोलणें खाई. त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं असें म्हणणें खोटें होईल. झोंप लागली. कुंपण मागें घ्यावयास मला आणखी दोन महिने लागले, कारण वांगीं लागलेलीं होतीं.

हें मी येवढ्याचसाठीं सांगतों कीं, ठेव मोडणारा नेहमींच दुष्ट असतो असें नाहीं. पुष्कळदां त्याचा हेतु भाजीचा असतो. आणि न बोलणाऱ्या माणसाचा हक्क कोणत्याहि वहींत सांपडत नाहीं.

आतां कामाचें बोलतों. आपणांपैकीं निम्म्याहून अधिक कुटुंबें ग्रामसभेचे मतदार आहेत. पांच-सहा जण पंचायतीचे सभासदहि आहेत, ते समोर बसलेले मला दिसत आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशीं ग्रामसभा भरते, हें सर्वांस ठाऊक आहे. त्या सभांस आपण किती जातों, तें मी विचारीत नाहीं. मागील वर्षीं मी स्वतः एकदांच गेलों, व तेंहि ध्वजवंदनापुरतें. महिलांची सभा त्याआधीं घ्यावयाची असते. ती झाली असें लिहिलेलें असतें. सही करणाऱ्या भगिनींनीं सही करण्यापूर्वीं वरचा मजकूर वाचून घ्यावा, अथवा आपल्या शाळेंत जाणाऱ्या मुलीकडून वाचवून घ्यावा, एवढी माझी विनंति आहे.

सभेंत एकच मागणी करावयाची. गांवच्या सामाईक जागांची नोंदवही उघडून मोठ्यानें वाचून दाखवा, एवढीच. गायरान किती, नाल्याचा कांठ कोणाच्या ताब्यांत, तळ्याच्या माशांचा ठेका कोणाला व किती रुपयांस, गाळपेरीच्या यादींत कोणाचीं नांवें, नवीन नांवांच्या परवान्यांत कोणाचीं. भांडावयाचें नाहीं. केवळ वाचून घ्यावयाचें, आणि जें वाचलें त्यांत एखाद्या म्हशीची वाट राहून गेली असेल तर ती त्याच ठिकाणीं लिहवून घ्यावयाची.

आपल्या समितीचे चिटणीस मला घड्याळ दाखवीत आहेत, आणि जेवणाच्या पंक्ति मांडल्या आहेत असें वासावरून कळतें. एक सूचना देऊन थांबतों. येत्या २ ऑक्टोबरला सकाळीं मिस्सा एक तास आधीं, म्हणजे सात वाजतां होईल, आणि त्या दिवशींचा धर्मशिक्षणाचा वर्ग भरणार नाहीं. सभा दहा वाजतां आहे. बाहेरच्या वाड्यांतून येणारांसाठीं आवारांतली जीप साडेनऊला फाटकाशीं उभी राहील.